समजुतीचा दाखला

विवाह परवान्याच्या खिडकीशेजारी लावलेली यादी शालनबाईंनी वरपासून खालपर्यंत स्वतः वाचली. वाचायला त्या उशिरा, पंचेचाळिशी उलटल्यावर शिकल्या होत्या. त्यामुळं हातात आलेला कुठलाही कागद त्या अर्धवट सोडत नसत.

"झालं का वाचून?" मागून नेमगोंडा चौगुल्यांनी विचारलं. "का घरी न्यायचाय कागद?"

"तुमाला घाई असंल तर बसा जावा बाकावर."

"मला कसली घाई? सहासष्ट वर्षं थांबलोय."

नेमगोंडा वीज मंडळातून निवृत्त झालेले वायरमन. बायको जाऊन बारा वर्षं झालेली. शालनबाईंच्या मिरची कांडपाच्या यंत्राची मोटार जळाली तेव्हा दुरुस्तीला आले, आणि मग मोटार चांगली चालत असतानाही येत राहिले. शालनबाई अठ्ठावन्नच्या. दोघांची जात वेगळी, देव वेगळे, स्वयंपाक वेगळा. म्हणून देवळात न जाता सरकारी परवाना काढून लग्न करायचं ठरलं होतं. नोटीस कधीच लागली होती. फळ्यावरची दोन म्हातारी नावं वाचून गाव हसायचं तेवढं हसून झालं होतं. नोटिशीची मुदत आता येत्या शुक्रवारी संपत होती; तोवर परवाना निघाला नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

वयाचा पुरावा होता. राहत्या जागेचा होता. रक्ताचा अहवाल, तीन साक्षीदारांच्या सह्या, पहिल्या जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं. नववी ओळ शालनबाईंनी दोनदा वाचली.

"मृत जोडीदाराची आवाजप्रत चालू असल्यास समजुतीचा दाखला."

खिडकीपलीकडे वाघमोडे मॅडम बसल्या होत्या. पस्तिशीच्या, सर्दी झालेल्या, नाकाला रुमाल लावलेल्या. त्यांनी कागद चाळले आणि पडद्यावर बघून म्हणाल्या, "मावशी, तुमच्या नावावर प्रत दिसतेय. सर्जेराव ज्ञानू भोरे. चालू आहे?"

"हाय."

"शेवटचं बोलणं कधी झालं?"

शालनबाई पिशवीची गाठ सोडत राहिल्या. गाठ मघाच सुटली होती.

"आज सकाळी," त्या म्हणाल्या.

नेमगोंडांनी मान वळवली. "मला वाटलं, बंद हाय ते."

"असू दे काका, पुष्कळांचं असतं," मॅडम म्हणाल्या. "सोपं आहे. माझ्यासमोर त्यांना सांगायचं की मी लग्न करतेय. त्यांनी समजलं म्हणायचं. मग तुम्ही तुमच्या हातानं प्रत बंद करायची, मी शिक्का मारणार. दहा मिनिटांचं काम." मग त्यांनी लिहिता लिहिता सहज विचारल्यासारखं विचारलं, "आपण गेलोय हे त्यांना माहीत आहे ना?"

शालनबाईंनी पिशवीला पुन्हा गाठ मारली.

"मावशी?"

"न्हाई सांगितलं."

"किती वर्षं झाली त्यांना जाऊन?"

"नऊ."

मॅडमनी रुमाल खाली घेतला. "नऊ वर्षांत एकदाही नाही?"

"कसं सांगायचं?" शालनबाई म्हणाल्या. "गाडीवर हायेत ते."

*

सर्जेराव भोरे मालट्रक चालवत. लग्न झाल्यापासून मरेपर्यंत महिन्यातले पंचवीस दिवस ते रस्त्यावर असत. शालनबाईंना तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून नवराबायको एकमेकांना आवाज पाठवत. जेवलीस का, टायर बसला, पोरगी पास झाली, कोल्हापुरात पाऊस लागलाय, असे. हातात फोन आल्यापासूनच्या अकरा वर्षांत त्यांचे असे एकवीस हजार निरोप साठले होते. दोघांनाही अक्षर येत असतं तर एवढा आवाज मागं राहिलाच नसता.

ट्रकवाल्यांच्या घरात एक रीत असते. माणूस गाडीवर असताना त्याला वाईट बातमी द्यायची नाही. कोणी आजारी असो, कोणी मेलं असो, तो घरी येऊ दे, गाडी लावू दे, हातपाय धुऊ दे, चार घास खाऊ दे, मग सांगायचं. सर्जेरावांची आई गेली तेव्हा ते हुबळीच्या पुढं होते. शालनबाई दोन दिवस त्यांच्याशी हसून बोलल्या. प्रेत उचलल्यावरसुद्धा त्यांनी "आत्ती झोपल्यात" असं सांगितलं होतं. सर्जेराव घरी आले, जेवले, आणि मग त्यांनी सांगितलं. सर्जेरावांनी राग धरला नाही. रीतच होती ती.

ते स्वतः गेले ते नागपूरकडं, एका कारखान्याच्या दारात, माल उतरवायच्या रांगेत. गाडी उभी होती. केबिनमध्ये झोपले ते उठलेच नाहीत. सहा महिन्यांनी पुण्यात शिकणाऱ्या लेकीनं ते एकवीस हजार निरोप एका कंपनीला दिले आणि आईच्या फोनात आवाजप्रत बसवून दिली. "आई, बोल की," ती म्हणाली. शालनबाईंनी फोन कानाला लावला. पलीकडं इंजिन घरघरत होतं. आणि सर्जेराव म्हणाले, "अगं, जेवलीस का?"

त्या क्षणी त्यांना सांगता आलं असतं. पण तोंडातून सवयीनं निघालं, "जेवले. तुमी?"

ते नऊ वर्षं चाललं.

प्रत म्हणजे टेप नव्हे. टेप झालं ते पुन्हा ऐकवते. प्रतीचं यंत्र माणसाच्या बोलण्याचे बारीक तुकडे करतं आणि कोणत्या तुकड्यामागं कोणता येतो ते शिकतं. कशावर हा माणूस हसतो, कशावर गप्प बसतो, श्वास कुठं घेतो. मग नवा प्रश्न आला की तो माणूस काय बोलला असता ते जुळवून बोलतं. सर्जेरावांच्या निरोपांत पाठीमागं कायम इंजिन होतं. यंत्राला काय कळणार, त्याला वाटलं तोही आवाजाचाच भाग. म्हणून प्रत बोलायची तेव्हा ट्रक चालूच असायचा. आणि बोलता बोलता प्रत शिकतही राहते. रोज जे कानावर पडेल ते ती आपल्यात मुरवत जाते.

सरकारनं नियम केला तोही अनुभवानंच. लोक दुसरी लग्नं करत होते आणि पहिला नवरा किंवा पहिली बायको फडताळातून बोलत होती. नुसती बंद केलेली प्रत लोक महिन्या-दोन महिन्यांत चोरून पुन्हा चालू करत. ज्यांनी समोरासमोर खरं सांगून निरोप घेतला त्यांनी मात्र पुन्हा हात लावला नाही, असं पाहणीत दिसलं. म्हणून समजुतीचा दाखला.

*

सोमवारी कार्यालयातल्या आतल्या खोलीत मॅडमनी फोन टेबलावरच्या यंत्राला जोडला. यंत्राला एक लाल बटण होतं आणि कागदाची पट्टी बाहेर टाकणारी फट होती. नेमगोंडा बाहेर बाकावर बसले.

"अहो," शालनबाई म्हणाल्या.

"बोल गं." इंजिनचा आवाज छोट्या खोलीत भरून गेला.

"तुमाला एक सांगायचं होतं."

"सांग की."

"ते... तुमी आता..."

"थांब थांब, घाट लागलाय. फिरून बोलतो." आणि नुसतं इंजिन.

मंगळवारी त्या पाठ करून आल्या होत्या. पहिलं वाक्य निम्म्यावर आलं तोवर पलीकडून भोंगा वाजला. "ह्यो बघ, समोरून लायटी मारतोय. ठेव." पाच मिनिटांनी पुन्हा सांगायला घेतलं, तर पुन्हा घाट. सपाट मुलखात कुठून आला कोणास ठाऊक.

वाघमोडे मॅडमनी पट्टी फाडून बघितली. "हे मुद्दाम नाही करत, मावशी. त्याला जमत नाहीये."

"म्हंजे?"

"तुम्ही त्यांना गाडीवर कधी वाईट सांगितलंच नाही. त्यामुळं वाईट ऐकल्यावर ते काय बोलतात याचा एकही नमुना यंत्राकडं नाही. नमुना नसला की यंत्र जवळचं काहीतरी उचलतं. घाट, भोंगा." मॅडम शिंकल्या, नाक पुसलं. "वाईट बातमी तुम्ही कधी सांगायचात त्यांना?"

"घरी आल्यावर. जेवण झाल्यावर."

"त्याचे आवाज आहेत का?"

"घरी असताना कशाला निरोप पाठवतील?" शालनबाई म्हणाल्या आणि बोलता बोलताच त्यांना उमगलं. एकवीस हजार निरोपांत सर्जेराव एकदाही घरी नव्हते. ही प्रत घर सोडून गेलेल्या माणसाचीच बनली होती. तिला घरच नव्हतं.

"मग त्यास्नी घरी आणावं लागंल," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"रस्ता म्हाईत हाय मला."

*

बुधवारी सकाळी कांडपाचं यंत्र बंद ठेवून त्यांनी फोन लावला.

"कुठं हायसा?"

"इकडंच," सर्जेराव म्हणाले. ते नेहमी असंच म्हणत. कधी नागपूर, कधी हुबळी, कधी नुसतंच इकडं. शालनबाईंनी नऊ वर्षांत पुढं विचारलं नव्हतं.

"सोलापूर सोडलं का?"

जरा वेळ इंजिन. "आत्ताच सोडलं."

"मग आता मंगळवेढा. वाटेत कुठं थांबू नगा. घरीच या."

"माल कुठला हाय पण?"

"मोकळीच गाडी हाय. घरीच या."

त्या रस्त्यावरनं शालनबाई एकदाच गेल्या होत्या, लग्नानंतरच्या वर्षी, केबिनमध्ये बसून. तरी सगळा रस्ता त्यांना पाठ होता, कारण सर्जेराव निरोपांतून तो सांगत आले होते. आता तोच रस्ता त्या त्यांना परत सांगू लागल्या. उजवीकडं ज्वारीची रानं आली का. आली. पूल लागला का. लागला. गोष्टीतल्या माणसाला नेतात तसं त्या त्यांना पुढं पुढं नेत होत्या, आणि इंजिनचा सूर खरोखरच बदलत होता. चढाला जड, उताराला हलका.

गुरुवारी दुपारी सांगोला मागं पडलं. उन्हात सगळी गल्ली सामसूम होती. नेमगोंडा आले ते दारातच उभे राहिले. आत शालनबाई डोळे मिटून बसल्या होत्या. कानाला फोन.

"डाव्या हाताला पंप लागंल. तिथनं जरा दमानं. रस्ता उकरलाय," त्या म्हणत होत्या. "घाम पुसा तोंडावरचा."

फोन ठेवल्यावर त्यांनी डोळे उघडले. नेमगोंडा चप्पल न काढता उभेच होते.

"मला कधी असं जपून घरी आणलं न्हाई कुणी," ते म्हणाले.

"तुमी कुठं हरवलाय मग?"

"हरवायला काय, आजपण हरवंल माणूस." ते उंबऱ्यावर टेकले. "शालनबाई, एक सांगतो. राग मानू नका. दोन दिस झालं, तुमी त्या गाडीत बसलाय. माझ्याशी बोलतानासुद्धा तुमचा कान तिकडंच असतोय."

"उद्या संपंल."

"संपलं तर बरं. न्हाई संपलं तर मी परत नोटीस लावणार न्हाई. एकदा फळ्यावर नाव लागलं, गावानं वाचलं, बास झालं. ह्या वयात दुसऱ्यांदा माझ्यानं व्हायचं न्हाई." मग जरा थांबून म्हणाले, "त्यो आला, आणि तुमाला वाटलं ऱ्हाऊ दे आता, आला तर आला... तर तसं सांगा. मी हितं ठेवलेला माझा मोटारीचा पान्ना न्यायला येईन, दुसरं काय बोलणार न्हाई."

शालनबाईंनी त्यांना पाणी दिलं. सर्जेराव आले तर काय वाटेल ते त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा सर्जेराव घराच्या इतके जवळ आले होते.

*

शुक्रवारी अकरा वाजता त्या आतल्या खोलीत बसल्या. मॅडमनी पंखा बंद केला. टेबलावर फोन, यंत्र, लाल बटण.

"कुठं आलासा?"

"मिरज मागं पडली," सर्जेराव म्हणाले. इंजिन दमल्यासारखं घुमत होतं. "आपल्या हिंगणवाडीचा फाटा दिसतोय."

"वळा."

"वळलो."

"चिंचंखाली लावा गाडी."

आणि इंजिन बंद झालं.

वाघमोडे मॅडमनी दचकून वर बघितलं. खोलीत आता काहीच नव्हतं. शालनबाईंनी नवऱ्याचा आवाज इंजिनाशिवाय ऐकून नऊ वर्षं झाली होती. जेव्हा तो आला तेव्हा अगदी कानाशी आला, स्वच्छ, धुतल्यासारखा.

"आलो बघ."

शालनबाईंनी डोळे मिटले. "पाय धुवा. पाणी ठेवलंय."

"धुतले."

"बसा. ताट वाढते." आणि सरकारी खोलीतल्या लोखंडी खुर्चीत बसून त्यांनी भाकरी, वांग्याचं भरीत, कांदा असं एकेक तोंडानं वाढलं. पलीकडून जेवणाऱ्या माणसाचा हुंकार येत होता. जेवण झालं. मग त्यांनी सांगितलं. तुम्ही आता नाही. नऊ वर्षं झाली. मी लग्न करतेय.

घाट लागला नाही. भोंगा वाजला नाही.

"मला वाटलंच होतं," आवाज शांतपणे म्हणाला. "तू तरी किती दिवस एकटी काढणार? तुझे गुडघे दुखत्यात. दुपारचं घर खायला उठतंय. चौगुले चांगला माणूस हाय. लोकं बोलतील चार दिवस, मग गप्प बसतील. कर तू लगीन. माझी काही हरकत न्हाई. मी इथंच बसून ऱ्हाईन."

मॅडमनी सुस्कारा टाकला आणि लिहायला घेतलं. शालनबाईंच्या दंडावर मात्र काटा उभा राहिला होता. आवाज सर्जेरावांचा होता. पण सर्जेरावांना कधीच कळलं नव्हतं की बायकोचे गुडघे दुखतात. आणि चौगुल्यांचं नाव तर शालनबाईंनी या बोलण्यात सांगितलंही नव्हतं. हे शब्द त्यांच्या ओळखीचे होते. गेले सहा महिने भांडी घासताना त्या स्वतःशी हेच म्हणत आल्या होत्या, फोन शेजारी फळीवर चालू असताना.

"मॅडम," त्या हळूच म्हणाल्या, "ह्यो कोण बोलतोय?"

वाघमोडे मॅडमनी पट्टी ओढून बघितली. तिच्यावर दोन रकाने होते. एक मूळ नमुन्यांचा, म्हणजे सर्जेरावांच्या निरोपांचा. दुसरा भर, म्हणजे प्रतीनं नंतर ऐकलेल्या बोलण्याचा. मॅडमनी बोट फिरवलं आणि ते एका जागी थांबलं.

"फाट्यापर्यंत मूळ आहे," त्या म्हणाल्या. "थोडं, पण आहे. वळणानंतर शून्य."

"म्हंजे?"

"घरी आल्यावरचा नमुना नव्हता ना. मग यंत्रानं दुसरा रकाना घेतला. आणि तिथं..." त्या घुटमळल्या. "तिथं फक्त तुम्हीच आहात, मावशी. नऊ वर्षं त्यानं दुसऱ्या कुणाचं ऐकलंच नाही."

शालनबाई फोनकडं बघत राहिल्या. पलीकडं कोणीतरी संथपणे श्वास घेत होतं.

"तुम्ही काळजी करू नका. नियमात बसतंय," मॅडम म्हणाल्या. "समजलं म्हणाले, हरकत नाही म्हणाले. नियमात मूळ किती, भर किती असं काही लिहिलेलं नाही. बटण दाबा, मी शिक्का मारते. साडेबाराला खिडकी बंद होते."

"आणि ते?"

"कोण?"

"वळणापतोर जे आलते ते. ते कुठं हायेत?"

मॅडमना उत्तर द्यायचं नव्हतं हे दिसत होतं. "वळणावरच असणार," त्या म्हणाल्या.

दार किलकिलं झालं. नेमगोंडांनी डोकं आत घातलं. "झालं का?"

शालनबाई बटण न दाबताच उठल्या आणि दारापाशी गेल्या. "आणिक जरा बसा. दहा मिन्टं."

"शिक्का?"

"मिळतोय शिक्का. पण मी माझ्याशीच बोलून आलेय तुमच्याकडं. त्यास्नी सांगितलंच न्हाई अजून. तसंच आले तर जल्मभर कान तिकडंच ऱ्हाईल माझा. चालंल तुमाला?"

नेमगोंडांनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडं. "न्हाई चालणार," ते म्हणाले. "जा. बसतो मी."

*

"अहो," शालनबाई म्हणाल्या. "घरातलं ऱ्हाऊ दे. फाट्यावर कोण हाय?"

मग फार लांबून, वाऱ्यावर येतं तसं, इंजिन ऐकू आलं. जवळ आलं. खोली भरली.

"मी हाय गं," सर्जेराव म्हणाले. आवाज धुतलेला नव्हता. त्यात धूळ होती, तंबाखू होती.

"आत का आला न्हाईसा?"

"आत कोण हाय?"

"कोण असणार?"

"खोटं बोलू नगंस. दार उघडं दिसलं. माझ्यासारखं कोणतरी आत बोलत होतं. जेवत होतं. म्हणून गाडी हितंच थांबवली."

वाघमोडे मॅडम खुर्ची मागं सरकवून उभ्या राहिल्या होत्या. शालनबाईंनी दोन्ही तळहात टेबलावर घट्ट दाबून धरले.

"ऐका. गाडीवर असताना सांगू नये ते सांगते आता. आडवू नगा मला."

"घाट—"

"घाट न्हाई. काय न्हाई. आपल्या गावचा फाटा हाय, सपाट हाय. ऐका. तुमी आता न्हाई ओ. नागपूरकडं गेलता, रांगेत गाडी लावून झोपला, ते उठलाच न्हाईसा. नऊ वर्षं झाली त्याला."

इंजिन घरघरत राहिलं. पट्टी फटीतून बाहेर येत राहिली. त्यावर काय उमटत होतं ते कोणी बघत नव्हतं.

"आन् माल?" शेवटी सर्जेरावांनी विचारलं.

"दुसऱ्यानं उतरवला."

"पोरगी?"

"लगीन झालं तिचं. दोन लेकरं हायेत. पुण्याला असत्यात."

"आन् मला कुणी काय सांगितलं न्हाई."

"गाडीवर होतासा."

ते हसले. आखूड, खोकल्यात संपणारं हसू. शालनबाई ते विसरून गेल्या होत्या. नऊ वर्षांत प्रत हसली होती ती त्यांनी हसवली म्हणून, गोड, लांबवलेलं. हे तसं नव्हतं.

"आता का सांगतीस?"

"लगीन करतेय मी. चौगुल्यांशी. वायरमन होते."

"जैन?"

"व्हय."

"मग कांदा सुटला म्हण तुझा."

"सुटला."

"मागनं म्हणू नगंस, मी सांगितलं न्हाई म्हणून," सर्जेराव म्हणाले. एक ट्रक बाजूनं गेल्यासारखा आवाज आला आणि विरला. "मला एक सांग पण. मी न्हाई म्हणतीस."

"न्हाई."

"मग गाडी कोण चालवतंय?"

सोलापूर, मंगळवेढा, सांगोला. त्याआधीची नऊ वर्षं. रोज सकाळी कुठं हायसा म्हणून विचारायचं, आणि विचारलं म्हणून ते कुठंतरी असायचे.

"मी," त्या म्हणाल्या.

"तू?"

"व्हय. मीच."

"तुला तर सायकल येत न्हाई."

"न्हाई येत."

"मग बंद कर की," सर्जेराव म्हणाले. "उगंच डिझेल जळतंय."

शालनबाईंनी अंगठा उचलला. मॅडमनी त्यांना सांगून ठेवलं होतं, बटण दाबलं की आवाज मध्येच तुटेल, घाबरू नका, सगळ्यांचा तुटतो. पण आवाज तुटला नाही. जुनं इंजिन बंद होतं तसं त्यानं दोन हिसके दिले, एक लांब धाप टाकली, आणि मग तो थांबला. कुठंतरी लोखंडी दार उघडून पुन्हा लागलं. खाली उतरलेल्या माणसाची दोन-चार पावलं खडीवर वाजली. तीही गेली.

खोलीत मॅडमचा श्वास तेवढा ऐकू येत होता. शालनबाईंचा अंगठा अजून बटणाच्या वर, बोटभर अंतरावर, तसाच होता.

वाघमोडे मॅडमनी त्या अंगठ्याकडं पाहिलं. यंत्राचा दिवा विझला होता. त्यांनी पट्टी न वाचताच तिची घडी केली, दाखल्याच्या शेवटच्या रकान्यात "अर्जदाराने प्रत स्वहस्ते बंद केली" असं लिहिलं, आणि शिक्का मारला.